लघवी-संडास साफ?

कंबरदुखी आमच्या घरात नवी नव्हती. माझ्या कंबरेत उसण भरली की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गल्लीतल्या एका पायाळू पोराला बोलवायच्या. तो लाजत लाजत माझ्या कंबरेला तीनदा पाय लावायचा आणि चहा-बिस्किट खाऊन जायचा. त्या पायाने बरं वाटायचं की उसण आपोआपच दोन-चार दिवसांत उतरायची, हा वाद आम्ही कधी घातला नाही. पुढे डावा पाय दुखायला लागला. कुल्ल्यातून मांडीच्या मागे आणि तिथून पोटरीत उतरणारी कळ. तेव्हा एक्स-रे झाला आणि 'एल-४ एल-५ मध्ये (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) गॅप आलाय' हे वाक्य आमच्याकडेही आलं. (या गॅपची भानगड मला बऱ्याच उशिरा कळली. मणक्यांमधली गादी झिजली की वरचा-खालचा मणका जवळ येतो. म्हणजे असलेला गॅप कमी होतो. तरी सगळा महाराष्ट्र 'गॅप आलाय' म्हणतो. शिवाय साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, गादी आणि नसा दिसतच नाहीत.) मग पट्टा, शेक, व्यायाम, वाकून वजन उचलायचं नाही वगैरे.

मी वाईत एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. गेल्या मार्चचा शेवटचा आठवडा होता. ज्यांनी कधी मार्चअखेर काढलीय त्यांना जास्त सांगायला नको. गुरुवारी संध्याकाळी सात वाजून गेले होते, शिपाई कुठेतरी पाठवलेला, आणि प्यायच्या पाण्याचा जार संपला. वीस लिटरचा भरलेला जार मी उचलला, अर्धी वळले आणि कंबरेत काहीतरी कटकन झालं. जार मात्र सांडू दिला नाही. खाली व्हाउचरचे गठ्ठे होते, भिजले असते.

त्या रात्री कळ डाव्या पायात होती तशी उजव्यातही उतरली. या 'दोन्ही पाय'ला किती वजन आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एका पायाची सायटिका घरोघर असते, कारण गादी बहुतेक वेळा बाजूला सरकते आणि तिथली एक नस दाबते. दोन्ही पायांत एकदम उतरली तर गादी मधोमध, सरळ मागे घुसलेली असण्याची शक्यता असते. आणि मधोमध कोण असतं, ते पुढे सांगते.

शुक्रवारी नेहमीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर तीस-चाळीस माणसं. त्यांनी पाय सरळ ठेवून वर उचलून पाहिला, मी ओरडले. अंगठा वर ओढून बघितला. आणि विचारलं, "लघवी-संडास साफ आहे?"

"हो."

शुक्रवारी ते खरंही होतं. इंजेक्शन दिलं, ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक असलेल्या गोळ्या आणि रात्री झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. आठवडाभर आराम.

शनिवारी सकाळी मला बरं वाटलं. हे मुद्दाम सांगतेय. पायातली कळ निम्म्याहून कमी झाली होती. आत्यांना हाक मारून सांगितलं, इंजेक्शन लागू पडलं. मग आंघोळीला गेले. स्टुलावर बसून गरम पाण्याचा तांब्या कंबरेवर ओतला. कंबरेला चटका बसला, मांड्यांना पाणी लागलं, आणि मधे काहीच नाही. पाणी तिथून वाहताना दिसत होतं, पण शेजारी बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या अंगावरून वाहावं तसं. वाटलं, सुन्न झालंय. इंजेक्शनचा असर असेल. इंजेक्शन कुल्ल्यावरच दिलं होतं ना.

दिवसभर त्या जागेची मला गंमतच वाटत होती. खुर्चीत बसले की खाली गोधडीची चारपदरी घडी ठेवल्यासारखं वाटायचं. दोनदा हात घालून पाहिला, खरंच काही राहिलंय का म्हणून. संडासला जाऊन आले आणि पाण्याने धुताना हाताला कळत होतं की मी धुतेय, पण जिथे हात लावतेय तिथे हात लागल्याचं कळत नव्हतं. ही गोष्ट घरात कुणाला सांगायची आणि कोणत्या शब्दांत? मराठीत त्या जागेला एक तर शिवीतला शब्द आहे, नाहीतर डॉक्टरांच्या पुस्तकातला. मधला, आत्यांसमोर उच्चारता येईल असा शब्द मला सुचला नाही. मी गप्प बसले.

लघवीचं तर लक्षातच आलं नाही. दुपारी तीनला जाणवलं की सकाळपासून आपण गेलोच नाही. गेले, तर धार सुरू होईना. पोटावर हात दाबून कुंथल्यावर थोडी झाली, तीही अडखळत. उन्हाळा, पाणी कमी प्यायलोय, असं म्हणून मी दोन तांबे पाणी प्यायले. (आता हे आठवलं की हसू येतं. आधीच भरलेल्या टाकीचा पंप सुरू केल्यासारखं झालं.)

संध्याकाळी ह्यांनी दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरने डॉक्टरांना विचारून उलट विचारलं, "लघवी-संडास साफ होतेय ना?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो, जरा कमी होतेय. तिकडून उत्तर आलं, या गोळ्यांनी होतं तसं, पाणी भरपूर प्या. आणि हे खोटं नाही. ट्रॅमॅडॉलने बद्धकोष्ठ होतं, काहींची लघवीही अडते. आत्यांनी रात्री दुधातून एरंडेल दिलं.

त्या डॉक्टरांवर माझा राग आहे का, असं मला पुष्कळांनी विचारलं. प्रश्न विचारला नाही असं तर नाही. दोनदा विचारला. पण 'साफ' म्हणजे आपल्याकडे काय? आग होत नाही, खडा होत नाही, सकाळी पोट मोकळं होतं. 'लागल्याचं कळतं का', 'होत असताना कळते का', 'झाल्यावर संपल्याचं कळतं का', यातलं एकही त्या 'साफ'मध्ये बसत नाही. तो प्रश्न आपण लहानपणापासून ऐकतो आणि 'जेवलात का' ला जसं 'हो' म्हणतो तसं त्यालाही म्हणतो. राग असलाच तर त्या शब्दावर आहे.

रविवारी पहाटे गाऊन ओला होता. हे मला हाताला कळलं, अंगाला नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकताना थेंबभर व्हायचं, त्यामुळे मी तेही त्याच खात्यात टाकलं असतं. पण ह्यांनी चादर पाहिली. दवाखाना रविवारी बंद. सरकारी रुग्णालयात जाऊ, निदान एनिमा देतील, एवढ्याच विचाराने आम्ही निघालो. म्हणजे निदान झालं ते एनिमासाठी गेल्यामुळे.

ड्युटीवर एक मुलगी होती. मुलगीच म्हणायची, माझ्या भाचीच्या वयाची, एमबीबीएस होऊन बाँडवर आलेली. तिने ह्यांना बाहेर बसवलं, सिस्टरना आत थांबवलं आणि पडदा ओढला. मग तिने ते 'साफ' विचारलंच नाही.

"ताई, कालपासून लघवीला किती वेळा गेलात?"

"तीनदा."

"लागली म्हणून गेलात, की बराच वेळ झाला म्हणून?"

मी विचार केला. "बराच वेळ झाला म्हणून."

"धुताना हात लागलेला कळतो का?"

मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही. दीड दिवस जे वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं ते तिने 'चहा घेणार का' इतक्या सहज विचारलं होतं.

तिने आधी सगळं सांगितलं, काय तपासणार, का तपासणार, आणि चालेल ना असं विचारलं. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला. घोट्यामागे मारली, दोन्हीकडे काहीच नाही. डाव्या पायाचा अंगठा मी वर ओढला की ती एका बोटाने खाली दाबत होती. मग कुशीवर वळवून एका पिनेने टोचत आली. मांडीच्या बाहेरून आत, आतून मधे. "टोचतंय की नुसता स्पर्श? की काहीच नाही?" मांडीच्या बाहेर टोचत होतं. आत आल्यावर बोथट. मधे डावीकडे काहीच नाही, उजवीकडे एके ठिकाणी कापूस लावल्यासारखं काहीतरी. शेवटी हातमोजा घालून आत बोटाने तपासलं. "आवळून धरा," म्हणाली. मी धरलं. "धरा ना ताई." मी म्हटलं, अहो धरलंय. ती क्षणभर काही बोलली नाही.

मग तिने मला परत लघवी करून यायला सांगितलं. कुंथून जमेल तेवढी करून आले. आल्यावर सिस्टरनी नळी घातली आणि पिशवीत साडेसहाशे मिलिलिटर आली. तेही मोकळी होऊन आल्यानंतर! साध्या माणसाला दीडशे-दोनशेच्या आसपास पहिली चाहूल लागते, चारशे-पाचशेला धावाधाव होते. करून आल्यावर आत जेमतेम थोडी उरायला हवी. दोनशेच्या वर उरली की लघवीच्या नसा दबल्याचा संशय बळावतो, असं तिने मला सांगितलं. मोठ्या ठिकाणी हे पोटावर छोटं सोनोग्राफीचं यंत्र ठेवून मोजतात. इथे नळी आणि पिशवीवरच्या रेघा. नळी घातल्यावर तिने ती हलकेच ओढून विचारलं, "हे कळलं?" अंधुक कळलं. तिचा चेहरा जरा बरा झाला. तो का बरा झाला ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. नळी ओढलेली अजिबात न कळणं आणि अंधुक कळणं यात परत येण्याच्या शक्यतेचा बराच फरक असतो.

ह्यांना आत बोलावून तिने एका केसपेपरच्या मागे चित्र काढलं. मेंदूकडून येणारा मज्जारज्जू कंबरेच्या तळापर्यंत पोचतच नाही. मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो. तिथून खाली नुसत्या नसांचा झुबका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटासारखा. लॅटिनमध्ये त्याला कॉडा इक्विना म्हणतात, म्हणजे शब्दशः घोड्याचं शेपूट. पायाच्या नसा या झुबक्यात कडेकडेने उतरतात आणि एकेका मणक्याशी बाहेर पडतात. शेवटपर्यंत मधे राहतात त्या एस-२, एस-३, एस-४, म्हणजे कंबरेखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या नसा. लघवी, संडास, नवरा-बायकोचा संबंध आणि बसायच्या जागेची जाणीव यांच्याकडे असते. गादी मधोमध घुसली की याच सापडतात. "घोड्यावर बसल्यावर अंग जिथे खोगिराला टेकतं, तेवढाच भाग बधिर होतो," ती म्हणाली. हे म्हणाले, "एकाच आजारात घोडा पण आणि खोगीर पण." त्या परिस्थितीतही मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

"पण शनिवारी पाय दुखायचा कमी झाला होता," मी म्हटलं.

"नस दुखते म्हणजे जिवंत आहे. दुखायची थांबली आणि त्याच वेळी बधिर झाली, तर ते बरं होणं नसतं."

ह्यांनी विचारलं, उद्या सोमवारी आमच्या डॉक्टरांना दाखवून मग एमआरआय केला तर? मेडिक्लेमचं ऑफिसही उद्याच उघडणार. ती नाही म्हणाली. आज, आत्ता. संशय घेऊन पाठवलेल्या बऱ्याच जणांचा एमआरआय स्वच्छ येतो, तुमचा तसा आला तर मला आनंदच आहे, माझी खुशाल चेष्टा करा. पण नुसत्या तपासणीवरून हे नाही असं कुणीच ठरवू शकत नाही. तिने चिठ्ठीवर वरतीच मोठ्या अक्षरात लिहिलं, कधीपासून बधिर, करून आल्यावर किती लघवी निघाली, किती वाजता. १०८ तिनेच बोलावली, साताऱ्याला फोनही तिनेच केला.

पाचवड फाटा, मग हायवे, आनेवाडीचा टोलनाका. तिथल्या गतिरोधकांवर गाडी आदळली तेव्हा मला दुखलं, आणि दुखलं म्हणून मी खूश झाले. हाताने सारखी मांडी चाचपत होते. इथे कळतंय. इथे कळतंय. इथे नाही.

एमआरआयच्या खोलीबाहेर मंगळसूत्र, कानातलं, आकडे, सगळं काढून ह्यांच्या रुमालात बांधलं. जोडवी निघेनात. सतरा वर्षांत काढली नव्हती. तिथल्या मावशींनी साबण लावून पिळून पिळून काढली. उजव्या पायाचं काढताना जीव गेला. डाव्याचं त्यांनी काढून माझ्या हातात दिलं तरी मला वाटत होतं अजून निघायचंय. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कळालं न्हाय व्हय?" मी नाही म्हटलं. त्या एका दिवसात तीन माणसांनी मला 'कळतंय का' विचारलं होतं, आणि त्यातल्या एक मावशी होत्या.

यंत्रात अर्धा तास ठाक ठाक ठाक. हलायचं नाही. माझ्या बाबतीत ते अवघड नव्हतं.

तिथल्या सर्जननी फिल्म उजेडापुढे धरली. "हे पांढरं म्हणजे नसांभोवतीचं पाणी. त्यात काळे दोरे दिसतात त्या नसा. वरून बघत या." वरून पांढरा पट्टा छान उतरत येत होता, त्यात बारीक दोरे, आणि एल-४ एल-५ च्या गादीपाशी एक काळा बोळा मागे घुसला होता. तिथे पांढरं संपलं होतं. खाली परत थोडं सुरू. दुसऱ्या फिल्मवर आडवे काप होते. वरच्या कापात रुपयाएवढं पांढरं वर्तुळ आणि त्यात ठिपके, एखाद्या कापलेल्या फळातल्या बियांसारखे. त्या पातळीवरच्या कापात वर्तुळाची जागा काळ्या गोळ्याने भरलेली, कडेला एक पांढरी नखाएवढी कोर. दोन वर्षं ज्याला गॅप म्हणत होतो तो हा.

"ऑपरेशन पायदुखीसाठी नाही," ते म्हणाले. "लघवी-संडासच्या नसांवरचा दाब काढण्यासाठी आहे. दाब मी काढीन. नसा किती परत येतील ते मी लिहून देऊ शकत नाही." कधीपासून बधिर आहे हे त्यांनी तीनदा विचारलं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत केलेलं नंतर केलेल्यापेक्षा बरं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं, असा त्यांचा हिशोब. मी सांगितलं, शनिवारी सकाळी सातला, आंघोळीच्या वेळी. तेव्हा रविवारी संध्याकाळचे सात वाजले होते. भूलतज्ज्ञांनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? सकाळी चहा. आणि काल रात्री एरंडेल.

रात्री अकराच्या सुमाराला मला आत घेतलं. म्हणजे चाळीस तास. ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. मणक्याच्या मागचं थोडं हाड काढून घुसलेला तुकडा बाहेर काढला, एवढंच. तुकडा ह्यांना बाटलीत दाखवला. म्हणाले, शिजवलेल्या खेकड्याच्या मांसासारखा होता. त्यानंतर घरात खेकडे आणलेले नाहीत.

उजवीकडची जाणीव आठवड्यात बरीच आली. डावीकडची अजून ठिपक्याठिपक्यांनी येतेय. दोन महिने दिवसातून चार वेळा मी स्वतः नळी घालून लघवी काढत होते. सिस्टरनी आरसा धरून शिकवलं, पहिल्या दिवशी लाजेने आणि तिसऱ्या दिवशी कंटाळ्याने मी रडले. नंतर करून आल्यावर उरणारी लघवी शंभराच्या खाली आली तेव्हा नळी सुटली. संडासचं वेळापत्रक करावं लागलं. नवरा-बायकोमधलं काय, हे मला फक्त एका फिजिओथेरपिस्टने विचारलं, बाकी कुणी नाही. थोडं परत आलंय, थोडं नाही. इतकंच लिहिते.

मे महिन्यात पेढे घेऊन सरकारी रुग्णालयात गेले होते. त्या मुलीची रात्रपाळी झाली होती, भेटली नाही. सिस्टर म्हणाल्या, त्या दिवशी मॅडम दुपारी जेवल्या नाहीत, तुमचा एमआरआय काय आला म्हणून सारख्या फोन बघत होत्या.

आता पतसंस्थेत परत रुजू झालेय. लघवी लागल्याची खात्रीची जाणीव अजून येत नाही, म्हणून दर तीन तासांनी मोबाइलवर गजर लावलेला असतो. तो वाजला की काउंटर बंद करून उठायचं, लागली असो-नसो. परवा रांगेत एक आजोबा होते, पेन्शन घ्यायला आलेले. गजर वाजला तसं त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"औषधाची वेळ झाली व्हय, बाई?"

"हो," मी म्हटलं, आणि काउंटरवर पाटी ठेवून उठले.